सोनेरी केसांआधी एक बट

प्रश्न

नाशिकमधील २४ वर्षांच्या एका वाचक तरुणीने पाठवलेल्या सविस्तर पत्राचा हा सारांश आहे. त्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कार्यालयात नोकरी करतात. केस मूळचे काळेभोर असून पाठीपर्यंत, म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर लांब आहेत. डिसेंबरच्या मध्यावर मावसबहिणीचे लग्न आहे आणि हाताशी असलेल्या पाच आठवड्यांत केस घरच्या घरी फिकट सोनेरी, दुकानातल्या भाषेत ‘लाइट ब्लॉन्ड’, करावेत अशी त्यांची मनापासूनची इच्छा आहे. कॉलेज रोडवरील एका पार्लरने तीन बैठका आणि न परवडणारा खर्च सांगितला, तर दुसऱ्याने ‘एका दिवसात करून देऊ’ असे सांगितले. दोन्ही उत्तरांनी समाधान न झाल्याने त्यांनी व्हिडिओ पाहून ब्लीच पावडर आणि ४० व्हॉल्यूमचा डेव्हलपर, म्हणजे पावडरीत कालवायचे हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रावण, आणून ठेवला आहे. महाविद्यालयात असल्यापासून आईच्या जोडीने दर दोन महिन्यांनी पाकिटातली काळी मेहंदी लावण्याची सवय होती, ती गेल्या गुढीपाडव्यानंतर सुटली, असेही त्यांनी ओघात लिहिले आहे. त्यांचे प्रश्न असे: नुकसान कमीत कमी व्हावे म्हणून एकदाच जोरदार ब्लीच करावे की हलके दोनदा? की लिंबू, मध आणि कॅमोमाइल वापरून सावकाश जावे? आणि ‘केस एकदा गेले की परत येत नाहीत’ हे आईचे म्हणणे कितपत खरे?

उत्तर

तुम्ही आणलेली पावडर आणि डेव्हलपरची बाटली सध्या जशी आहे तशीच, न उघडता, कपाटात ठेवा, ही माझी पहिली विनंती आहे. तुमच्या इच्छेला माझा मुळीच विरोध नाही. आपल्या केसांना कोणता रंग द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार सर्वस्वी तुमचा आहे आणि ‘आपल्याकडे हे शोभत नाही’ असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी या पत्रात एक ओळही लिहिणार नाही. परंतु तुम्ही ज्या गोष्टीचा उल्लेख केवळ ओघात केला आहे, ती काळी मेहंदी, हाच या सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे. डेव्हलपर किती व्हॉल्यूमचा असावा हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. या हिशेबाने तुमच्या ४० सेंटिमीटर लांब केसांचे शेंडे सुमारे ३२ महिन्यांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेले आहेत. गुढीपाडव्यापासून आतापर्यंतच्या सात महिन्यांत उगवलेला, मेहंदीचा स्पर्श न झालेला भाग मुळाशी जेमतेम ९ सेंटिमीटर भरेल. त्याखालच्या ३१ सेंटिमीटरवर मेहंदीचे थर आहेत आणि अगदी शेंड्यांवर तर असे डझनभर थर एकावर एक बसलेले असणार. म्हणजे आरशात एकसारखे काळे दिसणारे तुमचे केस प्रत्यक्षात दोन निरनिराळ्या प्रकारचे केस आहेत आणि एकच मिश्रण एकाच वेळी दोघांना लावले तर त्यांचे परिणामही निरनिराळे होतील. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओतील मुलीचे केस असे दुहेरी होते की नाही, हे तो व्हिडिओ पाहून कळणे शक्य नाही.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते, त्यामागे एक आठवण आहे. मी केसांच्या रंगाचे काम नव्याने शिकत होते त्या काळात, ज्या पार्लरमध्ये काम करत होते तिथे एक मुलगी आली. केसांना याआधी काही लावले आहे का, असे मी तिला विचारले आणि ती ‘नाही’ म्हणाली. मी तिच्या कपाळाजवळच्या चार बटा ब्लीच लावून फॉइलमध्ये गुंडाळल्या. काही मिनिटांत एक फॉइल हाताला गरम लागू लागले. नुसते कोमट नव्हे, चहाच्या कपासारखे गरम. मी घाईने ते उघडून केस धुतले, पण टॉवेलने टिपताना ती बट मध्यावर तुटून टॉवेलातच राहिली. नंतर बोलताना समजले की ती दर महिन्याला काळी मेहंदी लावत होती. ती खोटे बोलली नव्हती. आपल्या घरांमध्ये मेहंदी म्हणजे ‘काही लावणे’ असे कोणी समजतच नाही, ते न्हाण्याचाच एक भाग असते. चूक माझी होती, कारण मी मेहंदीचे नाव घेऊन विचारले नाही आणि एक बट आधी तपासून पाहिली नाही.

‘काळी मेहंदी’ या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पाकिटांत नेमके काय असते, हे पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ते भिंग घेऊन वाचावे लागले तरी वाचा. मेहंदीच्या पानातील लॉसोन हे द्रव्य केशरी-तांबडा रंग देते, काळा कधीच देत नाही. पाकिटातील काळेपणा दुसऱ्या कशातून तरी आलेला असतो. अनेकदा ते पॅराफेनिलीनडायअमिन, म्हणजे पीपीडी, हे कृत्रिम रंगद्रव्य असते, काही पाकिटांत नीळ असते, तर काही मिश्रणांत धातूंचे क्षारही असतात. पीपीडीचा काळा रंग ब्लीचने निघतो, पण ठिकठिकाणी तांबडा-नारिंगी राहून डागाळल्यासारखा निघतो. निळीवर ब्लीच पडले तर हिरवट छटा येऊ शकते. निव्वळ मेहंदीचा केशरी रंग केसांतील प्रथिनांना इतका घट्ट बिलगतो की तो पूर्णपणे जाता जात नाही. आणि धातूंचे क्षार पेरॉक्साइडच्या संपर्कात आले की उष्णता निर्माण होते, माझ्या हातातील ते फॉइल तापले होते तशी. तुमच्या पाकिटावर यांपैकी काय लिहिले आहे ते पाहाच, परंतु गेल्या काही वर्षांत एकाहून अधिक कंपन्यांची पाकिटे वापरली असतील तर केवळ वाचून भागणार नाही.

आता ‘लाइट ब्लॉन्ड’ या शब्दाकडे वळते, कारण तो ऐकायला एक वाटला तरी त्यात बराच गोंधळ आहे. केसांच्या रंगाची गडदता १ ते १० अशा क्रमांकांनी मोजतात. १ म्हणजे गडद काळा आणि १० म्हणजे अतिशय फिकट सोनेरी. आपले नैसर्गिक केस बहुधा १ ते ३ यांच्या दरम्यान असतात. डब्यांवरच्या प्रचलित क्रमांकांनुसार ‘लाइट ब्लॉन्ड’ म्हणजे ८, पण पत्रासोबत तुम्ही जोडलेल्या छायाचित्रातील रंग मला ९ किंवा १० वाटतो. काळ्यापासून तिथवर जाताना केस क्रमाने तांबडे, नारिंगी, पिवळसर नारिंगी, पिवळे आणि शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखे फिकट पिवळे होतात. यातील एकही पायरी वगळता येत नाही. शिवाय ‘८’ क्रमांकाचा रंग डब्यातून काढून थेट काळ्या केसांवर लावला तर ८ चा रंग येत नाही. फार तर उन्हात तांबूस झाक दिसते, आणि आधीच रंगवलेल्या भागावर तर तीही दिसत नाही, कारण वरून लावलेला रंग आधीच्या रंगाला उजळवत नाही. तेवढे उजळायचे असेल तर ब्लीचच करावे लागते.

ब्लीच म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले तर तुमच्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. केसाचे बाहेरचे आवरण कौलारू छपरासारखे असते, एकावर एक चढवलेल्या बारीक खवल्यांचे. ब्लीचमधील अल्कली ही कौले उचलते, पेरॉक्साइड आणि पावडरमधील परसल्फेट आत शिरतात आणि केसाला काळेपणा देणाऱ्या मेलॅनिनचे विघटन करतात. दुर्दैवाने हे रसायन मेलॅनिन तेवढे निवडून बाकीचे सोडून देत नाही. केसाला बळकटी देणारे गंधकाचे बंधही त्याच झपाट्यात तुटतात आणि कौलांवरचा, केसाला मुळात गुळगुळीत ठेवणारा, स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थरही निघून जातो. हा थर पुन्हा तयार होत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा शोध १८१८ साली लागला आणि १८६७ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात तो केस फिकट करण्यासाठी दाखवला गेला. तेव्हापासून दीडशे वर्षांत पावडरी, क्रीम, सुगंध पुष्कळ बदलले, पण काळ्या केसांना खरोखर फिकट करणारी, ऑक्सिडीकरण, म्हणजे ऑक्सिजनने रंगद्रव्य तोडणे, टाळणारी पद्धत बाजारात आलेली नाही. अलीकडे मिळणारी, केसातील बंध जपणारी द्रव्ये केस तुटण्याचे प्रमाण कमी करतात आणि परवडत असतील तर ती जरूर वापरावीत, परंतु त्यांच्या भरवशावर ब्लीचची वेळ किंवा तीव्रता वाढवणे चुकीचे आहे.

यावरून लक्षात येईल की ‘कमीत कमी नुकसान’ ही गोष्ट उत्पादनापेक्षा तुम्ही कोणत्या पायरीवर थांबता यावर अधिक अवलंबून आहे. नारिंगीवर थांबलेला केस आणि फिकट पिवळ्यापर्यंत नेलेला केस यांच्या बळकटीत मोठा फरक असतो आणि शेवटच्या दोन पायऱ्यांची किंमत सर्वांत जास्त असते.

एकदाच जोरदार की दोनदा हलके, या प्रश्नाचे माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: ४० व्हॉल्यूम घरी वापरू नका. ‘व्हॉल्यूम’ म्हणजे एक लिटर द्रावणातून किती लिटर ऑक्सिजन बाहेर पडू शकतो त्याचे माप. २० व्हॉल्यूममध्ये ६ टक्के पेरॉक्साइड असते, ३० मध्ये ९ आणि ४० मध्ये १२ टक्के. युरोपीय संघाच्या नियमांत केसांच्या उत्पादनांसाठी १२ टक्के ही कमाल मर्यादा आहे, म्हणजे तुम्ही सुरुवातीलाच टोकाची बाटली आणली आहे. जोरदार मिश्रणाने काम लवकर उरकते म्हणून त्रास कमी, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात त्यामुळे तुमच्या हातातील वेळ कमी होतो. घरी एकटीने डोक्याचा मागचा भाग भरेपर्यंत पुढचा भाग होऊन गेलेला असतो, टाळू भाजण्याचा धोका वाढतो आणि रंग कुठे नारिंगी, कुठे पिवळा असा उतरतो. मग तो सारखा करण्यासाठी पुन्हा ब्लीच करण्याचा मोह होतो. २० व्हॉल्यूम सावकाश काम करतो आणि थांबण्याची संधी देतो. दुकानदार न उघडलेली बाटली बदलून देत असेल तर आजच बदलून आणा.

लिंबू, मध आणि कॅमोमाइल यांच्याविषयी थोडक्यात सांगते. कॅमोमाइलच्या फुलांची हलकी पिवळी छटा मुळातच फिकट असलेल्या केसांवर दिसते, काळ्यावर दिसत नाही. मधातून पेरॉक्साइड तयार होते खरे, पण ते अत्यल्प असते. लिंबाचा रस लावून उन्हात बसणे मात्र निरुपद्रवी नाही, कारण लिंबूवर्गीय फळांतील काही द्रव्ये सूर्यप्रकाशात त्वचेवर फोड आणि काळे डाग उठवू शकतात, आणि रस कपाळावर, मानेवर ओघळतोच. चेहऱ्याची लव उजळवण्यासाठी मिळणारे ब्लीच डोक्याच्या केसांना लावू नये. फरशी किंवा टाकी धुण्याची ब्लीचिंग पावडर केवळ नावसाधर्म्यामुळे कोणी वापरली तर केस आणि त्वचा दोन्ही भाजतील. हे सांगावे लागते, कारण असे प्रयोग होतात.

आता आधी तपासून पाहायच्या त्या बटेविषयी. मानेजवळून, आतल्या बाजूची, आगपेटीच्या काडीइतकी जाड बट मुळाशी दोऱ्याने बांधा आणि दोऱ्याच्या वरून कापा, म्हणजे नवा नऊ सेंटिमीटरचा भाग आणि मेहंदीचा भाग दोन्ही एकाच बटेत मिळतील. कापलेलीच बट घ्या, डोक्यावरची नको, कारण धातूंचे क्षार निघाले तर ते डोक्यावर कळायला नको. काचेच्या वाटीत, पाकिटावर दिलेल्या प्रमाणात, पावडर आणि २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर थोडासाच कालवा. धातूची वाटी आणि धातूचा चमचा टाळा. खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून बट त्या मिश्रणात पूर्ण बुडवा आणि पहिली पाच मिनिटे तिच्यावरून नजर काढू नका. वाटी तापू लागली, फेस उसळला किंवा उग्र वास येऊ लागला, तर वाटीत भरपूर गार पाणी ओता. तो प्रश्न तिथेच मिटला: मेहंदीचा भाग कापून जाईपर्यंत डोक्यावर ब्लीच लावायचे नाही.

असे काही झाले नाही तर दर दहा मिनिटांनी बट ओल्या कापसाने पुसून दिवसाच्या उजेडात पाहा आणि रंग लिहून ठेवा. पाकिटावर दिलेली कमाल वेळ संपली की धुवून, सावलीत वाळवून, पांढऱ्या कागदावर ठेवा. मला जे दिसेल असे वाटते ते सांगते: मुळाकडचा भाग नारिंगी किंवा पिवळसर नारिंगी झालेला असेल आणि त्याखालचा गडद, विटकरी, मध्येच ठिपकेदार. नंतर त्याच बटेतला एकेक केस ओला करून दोन्ही हातांच्या चिमटीत हळूच ताणा. चांगला केस थोडा लांबतो आणि सोडल्यावर पुन्हा आखडतो. लांबून तसाच लोंबकळत राहणारा किंवा च्युइंगगमसारखा चिकट होऊन तुटणारा केस आणखी एक ब्लीच सोसणार नाही. दोन्ही भागांतील पाच-पाच केस तरी असे पाहा.

बट चांगली निघाली तरी ९ किंवा १० चा रंग पाच आठवड्यांत, घरी, मेहंदीच्या केसांवर आणण्याचा सल्ला मी देणार नाही. तो रंग अशक्य नाही, परंतु त्यासाठी निदान तीन बैठका, त्यांच्यामध्ये दीड-दोन महिन्यांचे अंतर आणि केसांची बरीच लांबी सोडून देण्याची तयारी लागते. तुम्हाला तीन बैठका सांगणाऱ्या पार्लरने तुम्हाला खरे तेच सांगितले आहे, असे मला वाटते. ‘एका दिवसात’ म्हणणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारला असता: आधी बट तपासणार का?

लग्नाची तारीख आणि केसांचे काम एकमेकांपासून वेगळे करणे हा माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. लग्नापुरते तुम्हाला सोनेरी दिसायचे असेल तर क्लिप लावून बसवायच्या, खऱ्या केसांच्या सोनेरी पट्ट्या मिळतात. दोन पट्ट्या कानामागे आतून लावल्या किंवा अंबाड्यात एक पट्टी गुंफली तर ती फार सुरेख दिसते, आणि आपल्याला हा रंग खरोखर आवडतो का, सहा तास मिरवल्यावरही आवडतो का, हेही कळते. मी अनेक मुलींना आधी हेच करायला सांगते. काहींनी त्यानंतर निर्धाराने पुढचे पाऊल टाकले, काहींना मधाळ तपकिरी अधिक भावला.

तो मधाळ तपकिरी, म्हणजे ६ किंवा ७ चा रंग, हाच घरी करण्याजोगा पर्याय आहे आणि मी तो नाइलाजाचा पर्याय म्हणून सुचवत नाही. काळ्या केसांतून एका ब्लीचने येणारी नारिंगी झाक, जी फिकट सोनेरीच्या वाटेवर शत्रू असते, तीच इथे उपयोगी पडते. तिच्यावर मध किंवा कॅरॅमलच्या छटेचा अमोनियाविरहित रंग दिला की ती उबदार, खोल दिसते. संपूर्ण डोके रंगवण्याऐवजी चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या मिळून सात-आठ बारीक बटा घ्या आणि टाळूपासून दोन बोटे अंतर सोडून सुरुवात करा. टाळूला रसायन लागत नाही, मुळे वाढली की काळ्या-सोनेरीची सरळ रेघ दिसत नाही, आणि मन बदलले तर सात-आठच बटांचा प्रश्न उरतो. मेहंदीचा भाग तुमच्या चाचणीत ठिपकेदार निघाला असेल तर मात्र या बटाही सध्या करू नका. दर दोन-तीन महिन्यांनी तीन-चार सेंटिमीटर शेंडे कापत राहा आणि केस खांद्यापर्यंत आखूड चालणार असतील तर पुढच्या दिवाळीपर्यंत बहुतेक मेहंदी निघून गेलेली असेल.

प्रत्यक्ष काम करताना पुढील काळजी तुम्हीच नव्हे, हे वाचून घरी प्रयोग करणाऱ्या प्रत्येकीने घ्यावी. वापरायच्या प्रत्येक रंगाचा थेंब ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. काळ्या मेहंदीने तुम्हाला कधी खाज, सूज किंवा पुरळ आले असेल तर पीपीडी असलेला कोणताही रंग त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लावू नका. दमा असेल तर परसल्फेटची पावडर तो वाढवू शकते, त्यामुळे तिच्यापासून दूर राहिलेलेच बरे. टाळूला जखम, गजकर्ण किंवा सोरायसिस असेल तर काम पुढे ढकला. आदल्या रात्री खोबरेल तेल लावा. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुण्यात वाया जाणारी प्रथिने वाचवते, हे आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले आहे. त्याच प्रयोगात सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाला हे जमले नाही. म्हणजे आजीची तेलाची वाटी इथेही कामाला येते. ब्लीचच्या दिवशी केस धुऊ नका, अंगचा स्निग्धपणा टाळूचे थोडे रक्षण करतो.

बटा पातळ घ्या, मिश्रण सढळ लावा आणि ते वाळू देऊ नका, कारण वाळलेले ब्लीच काम करत नाही, फक्त काढताना केस ओढते. कधी काळी पूर्ण डोके करायची वेळ आली तर मुळांना सर्वांत शेवटी लावावे, कारण टाळूच्या उबेने तिथे काम लवकर होते. डिसेंबरमध्ये नाशिकची थंडी कडक असते आणि थंड खोलीत ब्लीच मंदावते, तेव्हा ‘काही होतच नाही’ असे वाटून हेअर ड्रायर लावण्याचा किंवा जास्त व्हॉल्यूम घेण्याचा मोह टाळा. दुपारी, उबदार खोलीत काम करा. टाळू चुरचुरण्याऐवजी जळू लागली तर ठरवलेल्या वेळेची वाट न पाहता धुऊन टाका, आणि फोड आले तर घरगुती लेप न लावता डॉक्टरांकडे जा. एकदा फिकट झालेल्या भागावर पुढच्या वेळी पुन्हा ब्लीच चढवू नका.

पाण्याचा विचार सहसा कोणी करत नाही. महापालिकेचे पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येते, पण शहराच्या कडेच्या अनेक नव्या इमारतींमध्ये न्हाण्यासाठी बोअरचे पाणी वापरले जाते आणि ते बहुधा जड असते. त्यातील क्षार केसांवर साचतात. लोह आणि तांब्यासारख्या धातूंचे अंश असतील तर पेरॉक्साइडची क्रिया अनियंत्रित होते. तुमच्या बादलीच्या कडेला पांढरा थर जमत असेल तर ब्लीचच्या आठवडाभर आधी क्षार काढणारा शॅम्पू एकदा वापरा, आणि शेवटचे दोन तांबे तरी पिण्याच्या पाण्याचे घ्या.

नंतरची निगा दीर्घकाळाची आहे. फिकट केसांतील पिवळटपणा जांभळ्या शॅम्पूने दबतो आणि नारिंगीपणा निळ्याने. मध-कॅरॅमल छटा ठेवली तर दोन्हींची फारशी गरज पडत नाही. ब्लीच केलेला केस सच्छिद्र होतो, पाणी पटकन पितो, सावकाश वाळतो आणि ओला असताना सर्वांत दुबळा असतो, म्हणून ओल्या केसांत बारीक फणी घालू नका. दुचाकीवरून अंबडला जाताना स्कार्फ गच्च बांधण्याआधी सैल वेणी घाला, नाहीतर रोजच्या घासण्याने चेहऱ्याजवळच्या त्याच बटा तुटतील. पोहायला जात असाल तर आधी साध्या पाण्याने केस भिजवून घ्या. आणि रंगपंचमी. जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेले जुने हौद, उघडतात तेव्हा तिवंधा चौकात जाऊन त्यात धप्पा, म्हणजे उडी, मारल्याशिवाय तुम्हाला राहवणार नसेल, तर सच्छिद्र केस तो रंग कापसासारखा शोषून घेतील आणि तो आठवडेच्या आठवडे उतरणार नाही, हे आत्ताच ठाऊक असू द्या. त्या दिवशी भरपूर तेल, घट्ट वेणी आणि वरून प्लास्टिकची टोपी, एवढे तरी कराच.

शेवटी तुमच्या आईंचे म्हणणे. केस परत येत नाहीत, हे शब्दशः खरे नाही. केसाचे मूळ त्वचेच्या आत असते आणि टाळू भाजली नाही तर ब्लीच तिथवर पोहोचत नाही, त्यामुळे नवा केस पूर्वीसारखाच काळा आणि दणकट येतो. पण जो केस डोक्याबाहेर आहे तो निर्जीव आहे, त्याची जखम भरत नाही, आणि पाठीपर्यंतची लांबी तुटली तर ती परत यायला अडीच-पावणेतीन वर्षे लागतात. आईंना बहुधा हेच म्हणायचे असावे. इतकी वर्षे त्यांच्याच हातून तुमच्या केसांना मेहंदी लागली आहे, तेव्हा कोणती पाकिटे आणली होती हे त्यांना तुमच्यापेक्षा नीट आठवत असेल. मानेजवळची बट स्वतःची स्वतः कापता येत नाही, कात्री हमखास वाकडी जाते. येत्या रविवारी दुपारी ती त्यांच्याकडूनच कापून घ्या, आणि वाटीसमोर दोघी बसा.